दुसरा मंगळवार आणि अकरा तारीख

संगणकाचं नेट गेलं की पेढीवर दोन पक्ष आपोआप पडतात. एक म्हणतो, अपडेटनं घात केला. दुसरा म्हणतो, आधी बघू तरी काय झालंय. खाली बोलणारी दोघं मी जुळवलेली आहेत. दिवाणजी सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका चादर-टॉवेलच्या पेढीवर हिशेब सांभाळतात, त्यांची भाची पूर्व भागात संगणक दुरुस्तीचं काम करते. अशी माणसं या गावात पावलोपावली भेटतात, त्यामुळे त्यांना बोलतं करायला मला फार कष्ट पडले नाहीत. प्रसंग असा, की पेढीवरचा एक संगणक रात्रीतून विंडोज १० वरून ११ वर गेला आणि सकाळी त्याला नेट मिळेना. तारीख ११. ज्यांचा जीएसटीशी रोजचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मागच्या महिन्याच्या विक्रीचं जीएसटीआर-१ हे विवरण भरण्याची ही शेवटची तारीख.

दिवाणजी : नेट येईनाच गेलंय बघ. काल संध्याकाळपर्यंत सगळं ठीक होतं. रात्री अपडेट झालं, सकाळी हे. यात शोधायचं काय राहिलंय? दहा दिवसांच्या आत जुन्या विंडोजवर परत जाता येतं म्हणतात. जा परत आणि मोकळी हो.

भाची : जाता येतं. फायली राहतात, मधल्या काळात टाकलेली सॉफ्टवेअर जातात. पण अकराला नेलं कुणी हे?

दिवाणजी : रोज पाटी येत होती. कुणीतरी ‘हो’ दाबलं असणार. मी तरी नाही.

भाची : बरं. रात्री अजून काय काय झालं?

दिवाणजी : काय व्हायचंय? लाइट गेली होती घडीभर. ती काय, नेहमीचीच.

भाची : म्हणजे राउटरही बंद होऊन चालू झाला. नेटचं बिल? छतावरून आलेली वायर? काल आणि आज यांच्या मधे चार गोष्टी घडलेल्या असू शकतात मामा, तुम्ही एकच धरून बसलाय.

दिवाणजी : बाकीच्या तिन्ही नेहमीच्या. नवी एकच. मी संशय कुणावर घेऊ, नेहमीच्यावर का नव्यावर?

दिवाणजींचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुरुस्तीवाली मंडळी ‘योगायोग असेल’ असं फार पटकन म्हणतात. जे बदललं त्याच्याकडे पहिल्यांदा बघायचं, हा हिशेबातली तफावत शोधणाऱ्या माणसाचा जुना शिरस्ता आहे आणि तो बरोबरच आहे. पण तफावत सापडण्याआधी वही फाडायची नसते, हेही त्याच माणसाला ठाऊक असतं.

भाची : तुमचा फोन द्या. यातला मोबाइल डेटा बंद करते, नुसता वायफाय ठेवते. हे बघा, उघडलं. म्हणजे राउटर चांगला आणि बाहेरून येणारी लाइनही चांगली.

दिवाणजी : डेटा बंद कशाला केलास?

भाची : नाहीतर फोन गुपचूप सिमवरून नेट घेतो आणि आपण उगीच राउटरला पास करतो. आता संगणक. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाइप केलं. आकडा वाचा.

दिवाणजी : एकशे एकोणसत्तर, दोनशे चोपन्न, पुढं कायबाय.

भाची : झालं, अर्धं काम झालं. पेढीतल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक पत्ता देतो, बहुतेक १९२.१६८ नं सुरू होणारा. संगणकानं पत्ता मागितला आणि उत्तरच आलं नाही, की तो स्वतःच १६९.२५४ चा पत्ता लावून घेतो. त्या पत्त्यावरून बाहेरच्या जगात जाता येत नाही. १९२.१६८ चा पत्ता दिसला असता तर मी वेगळ्या दिशेनं गेले असते. आधी राउटरला पिंग, म्हणजे हाक मारून बघायची, मग बाहेरच्या ८.८.८.८ ला, मग एखाद्या वेबसाइटच्या नावाला. आकडे पोचतात आणि नाव पोचत नाही, म्हणजे नावाचा आकडा करून देणारं डीएनएस बिघडलं. इथं तेवढं लांब जायची गरजच नाही. इथं पहिल्या पायरीलाच अडलंय.

दिवाणजी : म्हणजे अपडेटनंच केलं.

भाची : अपडेटनंतर झालं, एवढं कळलं. केलं कुणी, ते अजून नाही. तुमच्या बाजूचा एक पुरावा मात्र मीच देते. डिसेंबर २०१६ मध्ये हुबेहूब हेच झालं होतं. विंडोज १० वापरणाऱ्या अनेकांचं नेट गेलं, ब्रिटन आणि युरोपात जास्त ओरड झाली. विंडोजमधलीच एक सेवा कोलमडत होती आणि त्यामुळे काही यंत्रांना पत्ता मिळत नव्हता. १३ डिसेंबरला मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती काढली, तिच्या टिपणात हे कारण लिहिलेलं आहे.

दिवाणजी : आणि ती दुरुस्ती लोकांनी घ्यायची कशी? नेटवरून?

भाची : नेटवरूनच.

दिवाणजी : वा!

भाची : म्हणून कंपनीनं आधी एक साधा उपाय सांगितला होता : संगणक रीस्टार्ट करा, शटडाउन करून पुन्हा लावू नका.

दिवाणजी : दोन्ही एकच की. मी सकाळपासून बंद करून चालू करतोय.

भाची : एकच नाहीत. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण मिटत नाही, आहे तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. म्हणून संगणक लवकर सुरू होतो. पण गाभ्यात घोटाळा झाला असेल तर तोही जसाच्या तसा परत येतो. रीस्टार्टमध्ये सगळं पहिल्यापासून उभं राहतं. सकाळपासूनची तुमची मेहनत त्यामुळे वाया गेली.

हा एक मुद्दा माझ्या मते शाळेत शिकवायला हवा. ‘बंद करून चालू करा’ हा सल्ला सगळे देतात, पण यातलं कोणतं बटण दाबायचं हे कुणी सांगत नाही.

रीस्टार्ट झाला. आकडा पुन्हा १६९.२५४ चाच.

दिवाणजी : शेजारच्या दुकानातला पोरगा सांगून गेला, नेटवर्क रीसेट म्हणून एक बटण आहे, ते दाबलं की सगळं ठीक होतं.

भाची : सेटिंगमध्ये आहे ते. पण ते शेवटी. ते नेटवर्कची सगळी जुळणी पुसून पुन्हा बसवतं. वायफायचे पासवर्ड जातील, टॅलीसाठी दोन्ही संगणकांना हातानं दिलेले ठरावीक पत्ते असतील तर ते जातील, व्हीपीएन असेल तर ते पुन्हा टाकावं लागेल. आज अकरा तारीख आहे. नेट येईल आणि टॅली जाईल, असा सौदा मी करणार नाही. त्यापेक्षा तुमचा फोन या केबलनं संगणकाला जोडू, यूएसबी टेदरिंग लावू. आधी विवरण भरून घ्या.

दिवाणजी : दुसऱ्या संगणकावरून भरलं असतं, पण पेढी प्रायव्हेट लिमिटेड झाल्यापासून डिजिटल सही लागते आणि तिचं सगळं याच्यावर बसवलेलं.

भाची : म्हणून तर केबल. हं. मामा, हे बघा. फोनकडूनही पत्ता घेत नाहीये. परत १६९.२५४.

दिवाणजी : म्हणजे अजून बिघडलं.

भाची : उलट सोपं झालं. आतापर्यंत मला वायफायच्या कार्डावर संशय होता. नव्या विंडोजला त्याचा जुना ड्रायव्हर पटला नसेल, असं वाटत होतं. तसं असतं तर ड्रायव्हर मागे नेऊन पाहिला असता. पण केबलची वाट वेगळी, तिचा ड्रायव्हरही वेगळा. दोन्ही वाटांवर एकाच जागी अडतंय.

दिवाणजी : थांब. हे मला कळतं. आमचे अण्णा जॅकार्डच्या मागावर होते. चादरीतल्या नक्षीत खोट दिसली की ते आधी बघायचे, दर नक्षीत त्याच जागी येते का. त्याच जागी येत असेल तर कार्डातलं भोक चुकलंय. कुठंही येत असेल तर धागा. धागा समजून गाठी मारत बसलं तर दिवस जायचा. आणि एका भोकासाठी कार्डांची अख्खी माळ कुणी काढून टाकत नव्हतं. तुझं रीसेट राहू दे.

भाची : मग मघाशी जुनं विंडोज परत टाक म्हणताना ही माळ कुठं होती?

दिवाणजी : बघ पुढं.

पुढं जे सापडलं ते अगदीच साधं होतं. नेटवर्क अ‍ॅडाप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये एक यादी असते आणि प्रत्येक ओळीपुढे टिकची खूण. त्या यादीत एका जुन्या अँटीव्हायरसचा फिल्टर बसलेला होता, वायफायवरही आणि केबलवरही. त्या अँटीव्हायरसची मुदत केव्हाच संपली होती. पडद्यावरचं चित्र कुणीतरी काढून टाकलं होतं, पण येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट तपासणारा त्याचा तुकडा वाटेवर तसाच उभा होता. विंडोज १० मध्ये तो मुकाट्यानं सगळं सोडत होता. ११ आल्यावर त्याचं जमेना, आणि पत्ता मागणारा निरोपच बाहेर पडेना. भाचीनं खूण काढली. पत्ता आला. मग तिनं तो अँटीव्हायरस बनवणाऱ्या कंपनीचंच काढून टाकायचं साधन वापरून तो मुळापासून काढला, कारण नुसती खूण काढून ठेवली तर पुढच्या मोठ्या अपडेटला ती परत येऊ शकते. जीएसटीआर-१ गेलं.

वाद मात्र आता कुठे सुरू झाला.

भाची : बघा, अपडेटचा दोष नव्हता.

दिवाणजी : मग कुणाचा? माझा? मी काल काय केलं होतं? हिशेब लिहिला आणि घरी गेलो. मुदत संपली की पैसे भरा, पैसे भरा म्हणून ज्यानं महिनाभर डोकं खाल्लं, त्यानं जाताना आपलं सामान का नेलं नाही? आणि नवं विंडोज बसवणाऱ्यानं आत काय पडलंय ते आधी बघायला नको? दोघांचं जमलं नाही, भुर्दंड मला. तुझी फी कोण देणार? ते?

भाची : फी मी घेत नाही तुमच्याकडून.

दिवाणजी : तो मुद्दा नाही. माझ्या जागी दुसऱ्या कुणाची पेढी असती तर घेतली असतीस. अपडेट बंद करून टाक. कायमचं. चालतंय ते चालू दे.

भाची : ‘चालतंय ते चालू दे’ म्हणणाऱ्यांचं काय झालं ते सांगते. मार्च २०१७ मध्ये विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती आली. ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्याकडे १२ मे रोजी वॉनाक्राय घुसला, जगभर संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यानंतरही लोक जागे झाले नाहीत. २७ जूनला नॉटपेट्या आला, त्याच भोकाचा वापर करत. न्हावाशेवाचं जेएनपीटी आठवतंय? तिथल्या एका टर्मिनलचं काम त्या दिवशी ठप्प झालं, कारण ते टर्मिनल मर्स्क या जहाजवाल्या समूहाकडे आणि मर्स्कचे संगणक जगभर पडले होते. कंटेनर अडकले. सोलापूरचा टॉवेल परदेशी जायला कुठून निघतो? दुरुस्ती येऊन साडेतीन महिने झाले होते, मामा.

दिवाणजी : आठवतंय, चांगलं आठवतंय. आता तू मला सांग, तो नॉटपेट्या मुळात आला कुठून?

भाची : युक्रेनमधून.

दिवाणजी : युक्रेनमधून कुठून?

भाची : एका सॉफ्टवेअरमधून.

दिवाणजी : कसलं सॉफ्टवेअर? हिशेबाचं! कर भरायचं! एम-ई-डॉक नाव त्याचं. तिथले माझ्यासारखे दिवाणजी जे वापरतात ते. चोरांनी त्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरून विष कशात कालवलं? अपडेटमध्ये. ज्यांनी शहाण्यासारखं अपडेट घेतलं, त्यांच्याकडे ते पहिल्यांदा पोचलं. ज्यानं घेतलं नाही तो त्या दाराशी तरी वाचला.

भाची : …खरं आहे. आणि एकदा आत शिरल्यावर ते पासवर्ड चोरून दुरुस्ती केलेल्या संगणकांवरही जात होतं, हेही खरं आहे.

दिवाणजी : १९ जुलै २०२४. विमानतळावर हातानं बोर्डिंग पास लिहीत होते, पेपरात फोटो आला होता. ते तरी कशानं?

भाची : क्राउडस्ट्राइक. सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट. सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. त्यातली कितीतरी माणसानं समोर जाऊन, सेफ मोडमध्ये एक फाइल काढून सोडवावी लागली.

दिवाणजी : व्हायरसनं?

भाची : नाही. व्हायरसपासून वाचवणाऱ्यानं.

नॉटपेट्याची ही घटना दोघांनी अर्धी अर्धी वाटून घेतली, आणि दोघांचेही अर्धे भाग खरे आहेत. जुनी दुरुस्ती न घेतल्यामुळे आग पसरली, नवं अपडेट घेतल्यामुळे आग लागली. अपडेटच्या बाजूनं बोलणारे पहिला भाग सांगून थांबतात, विरोधातले दुसरा. मला स्वतःला भाचीचं म्हणणं जास्त पटतं, कारण सदोष अपडेटची बातमी काही तासांत जगभर होते आणि दुरुस्तीही लगोलग निघते. अपडेट न घेतलेल्या संगणकात शिरलेला चोर मात्र महिनोन् महिने कुणाला दिसत नाही. पण दिवाणजींच्या रागाचं मूळ मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं. त्यांचं भांडण अपडेटशी नाही, दिवसाशी आहे.

भाची : बरं, मला सांगा, तुमचं नेमकं कधी अडतं? कुठल्या तारखांना?

दिवाणजी : अकरा. आमची अकरा, तिमाहीवाल्यांची तेरा. वीसला ३बी, म्हणजे कर भरायचं विवरण. पण अकरा सगळ्यात वाईट. कारण चौदाला समोरच्या पार्टीचं २बी, म्हणजे त्याच्या खरेदीचं पत्रक, तयार होतं. आम्ही अकराला विक्री दाखवली नाही तर त्याच्या २बीत आमचं बिल दिसत नाही, त्याला त्या महिन्यात कर वजा मिळत नाही. मग पुण्याचा व्यापारी फोन करतो, ‘शेट, तुमचं बिल दिसत नाही, पेमेंट पुढच्या महिन्यात बघू.’ दंडाचं काही नाही गं, दंड भरता येतो. पेमेंट थांबतं, सूतवाल्याचे पैसे थांबतात, मागावरच्या लोकांचा हप्ता थांबतो.

भाची : आता माझं ऐका. मायक्रोसॉफ्टची दर महिन्याची दुरुस्ती दुसऱ्या मंगळवारी येते. २००३ पासून हाच रिवाज. दुसरा मंगळवार कुठल्या तारखांत पडतो?

दिवाणजी : आठ ते चौदा.

भाची : आणि तिकडची सकाळ म्हणजे आपली रात्र. साडेदहा, थंडीत साडेअकरा.

दिवाणजी : म्हणजे मंगळवार दहा तारखेला आला, तर आमच्या अकराच्या सकाळी…

भाची : अकराच्या सकाळी. तुमची अकरा, तिमाहीची तेरा, २बीची चौदा, सगळं त्याच आठवड्यात.

दिवाणजी : हे त्यांना कुणी सांगितलं नाही?

भाची : त्यांनी मंगळवार धरला तेव्हा जीएसटी नव्हताच. आणि जीएसटीवाल्यांनी अकरा धरली तेव्हा मंगळवार कुणी बघितला? तुम्हाला अपडेट कायमचं बंद करायचं नाहीये मामा. आठ तारखेला सेटिंगमध्ये जाऊन ‘पॉज’ करायचं. पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, तुम्हाला दोन पुरतात. वीसचं ३बी गेलं की एकवीसला स्वतः बसून अपडेट घ्यायचं. तोवर ते अपडेट बिघडलेलं असेल तर जगात बोंब झालेली असते, आणि दुरुस्तीही आलेली असते. घ्यायच्या आधी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर. आणि तो पेनड्राइव्ह संगणकातच खोचून ठेवायचा नाही.

दिवाणजी : हे सगळं लक्षात मी ठेवायचं.

भाची : विवरणाच्या तारखा ठेवताच की.

दिवाणजी : त्याचा पगार मिळतो मला.

यावर भाचीकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. मोठ्या कंपन्यांत हे काम करणारा माणूस वेगळा असतो, तो अपडेट आधी चार संगणकांवर चालवून बघतो आणि मग बाकीच्यांना देतो. छोट्या पेढीवर तो माणूस म्हणजे हिशेब लिहिणाराच. संगणक आणताना त्याची किंमत सगळे विचारतात; दर महिन्याला त्याच्यापाशी कुणी बसायचं, हे कुणी विचारत नाही.

भाची : आता तो दुसरा. कोपऱ्यातला.

दिवाणजी : त्याला हात लावायचा नाही. टॅलीचा सगळा डेटा त्याच्यावर आहे. विंडोज १० आहे, उत्तम चाललंय.

भाची : १० च्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. नोंदणी करणाऱ्यांनाच त्या पुढं आणखी काही काळ मिळतात. आणि त्याच्यावर ११ बसणारही नाही. प्रोसेसर जुना आहे, ११ ला लागणारी टीपीएम २.० ची सोय त्यात नाही.

दिवाणजी : मग प्रश्नच मिटला. बसत नाही तर बसत नाही.

भाची : मिटला नाही. एक तर नोंदणी करा, नाहीतर नवीन घ्या, नाहीतर त्याचं नेट काढा आणि नुसता हिशेबाला ठेवा.

दिवाणजी : नेट काढलं तर मालक घरून हिशेब कसा बघणार? आणि नवीन घ्यायचा तर डेटा हलवायचा, चालू वर्षात? तू म्हणशील एका दिवसात होतं. सुरुवातीची शिल्लक जुळली नाही तर तुला नाही, मला रात्री बसावं लागतं. मार्च होऊ दे. मार्चनंतर बघू.

भाची : हे तुम्ही मागच्या वर्षीपण म्हणाला होता. कुठल्या मार्चनंतर, मामा?